पट्टी पुन्हा पुन्हा तुटते? आधी दोन तुटींमधलं अंतर मोजा

जुन्या साडीची किंवा चादरीची सलग पट्टी कापली, तिचा गोळा केला, मागावर सुताचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवला आणि चिंध्यांची सतरंजी विणायला घेतली. चार-सहा ओळी छान बसतात. मग फणीचा, म्हणजे ओळ घट्ट बसवणाऱ्या मागाच्या दातेरी पट्टीचा, ठोका पडतो आणि पट्टी तुटते. जोडून पुढे जावं, तर थोड्या वेळाने पुन्हा तेच. नव्याने विणायला लागलेल्यांच्या तक्रारींत ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि बहुतेक जण कापडालाच दोष देऊन मोकळे होतात: कापड जीर्ण होतं, टाकून द्या.

टाकू नका. जीर्ण कापडाची पट्टी कुठेही तुटते, तिला हिशोब नसतो. पण पट्टी ठरावीक अंतराने तुटत असेल तर कापड चांगलं आहे, खोट कापण्यात आहे. ती नेमकी कुठे आहे, हे त्या अंतरावरूनच कळतं.

त्यासाठी विणणं थांबवून गोळा उलगडा. गच्चीवर किंवा लांब खोलीत पट्टी जमिनीवर सोडा आणि दोन्ही हातांत हातभर भाग धरून छोटा झटका द्या. असं करत टोकापर्यंत जा. फणी देते त्यापेक्षा हा झटका थोडा जास्त असू द्या. जिथे तुटेल किंवा कापड चरचरेल तिथे खडूने खूण करा आणि शेवटी सगळ्या खुणांमधलं अंतर टेपने मोजा. या कामाला अर्धा-पाऊण तास जातो, पण पुढची सगळी सतरंजी त्यावर उभी राहते.

अंतर कापडाच्या लांबीइतकं किंवा तिच्या दुप्पट असेल, तर दोष वळणात आहे. टी-शर्टसारखी कापडाची नळी फिरत कापली असेल आणि अंतर तिच्या घेराइतकं असेल, तर दोष कण्यात, म्हणजे नळीच्या शेवटपर्यंत न कापता ठेवलेल्या भागात, किंवा शिलाईत. अंतराचा काही मेळच बसत नसेल, तर कापडाकडे वळा.

वळणावर तुटणारी पट्टी

सलग पट्टीची सगळ्यात सोपी रीत नागमोडी कापण्याची. एका टोकाकडून कापत जायचं, दुसऱ्या टोकाला थोडं कापड ठेवून थांबायचं, मग पट्टीच्या रुंदीइतकं सरकून उलट्या दिशेने कापत यायचं. कापड हातातून सुटत नाही आणि जोड एकही लागत नाही. दुखणं असतं ते थांबायच्या जागी. कात्री जिथे थांबते तिथे काप टोकदार संपतो. विणलेलं कापड धाग्याच्या रेषेत सहज फाटतं, त्यामुळे पट्टीवर ताण आला की तो काप स्वतःच पुढे सरकतो आणि कडेपर्यंत जाऊन वळण उघडतं. इंचाची पट्टी कापताना वळणावर पाऊण इंचच ठेवलं असेल, तर हे होणारच.

वळणावर पट्टीच्या रुंदीपेक्षा थोडं जास्तच कापड ठेवा. इंचाच्या पट्टीला सव्वा इंच पुरे. दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं: काप टोकदार संपवू नका. शेवटच्या अर्ध्या इंचात कात्री हलकेच वळवून कापाला आकड्यासारखी गोलाई द्या. फाटणं सरळ रेषेत धावतं आणि गोलाईपाशी त्याला पुढची वाट सापडत नाही. ही एक सवय लागली की वळणावरच्या तुटी जवळजवळ थांबतात.

मात्र वळणावर दीड-दोन इंच ठेवून निर्धास्त होणंही बरोबर नाही. मग तिथे चौकोनी कान तयार होतो, विणताना तो दुमडून गाठीसारखा बसतो आणि सतरंजीवर पायाला टोचतो. सव्वा इंच ठेवल्यावरही बाहेरचे दोन कोपरे उरतातच. ते कात्रीने गोल उतरवा, फक्त आतल्या कापाच्या जवळ जाऊ नका. शंभर वळणांचे कोपरे उतरवणं कंटाळवाणं आहे खरं, पण पसरलेल्या सतरंजीवर ठिपक्यांसारखे उठून दिसणारे कान बघून जो मनस्ताप होतो, त्यापेक्षा हा कंटाळा परवडतो.

खुणांमधलं अंतर कापडाच्या लांबीच्या दुप्पट निघालं, म्हणजे एक सोडून एक वळण तुटतंय, तर कापडाची एकच बाजू कच्ची आहे. साडीत हे नेहमी दिसतं: एका टोकाला पदराची जाड वीण असते, दुसरं टोक नेसताना कमरेत खोचून विरलेलं असतं. विरलेल्या बाजूचं वीतभर कापड आधीच काढून टाका आणि मग कापायला घ्या.

पट्टी कोणत्या दिशेने कापायची, हा प्रश्न इथेच सोडवावा. साधारण साडे-पाच मीटर लांब आणि ११५ सेंटिमीटर रुंद साडी घ्या. मलमलीसारख्या पातळ कापडाची पट्टी ५ सेंटिमीटर धरा. साडी उभी, म्हणजे काठाला समांतर कापली, तर २३ ओळी पडतात आणि वळणं २२. तीच आडवी कापली तर ११० ओळी आणि १०९ वळणं. पट्टीची एकूण लांबी दोन्हीकडे सारखीच, सव्वाशे मीटरच्या आसपास. पण कच्च्या जागा पाचपट वाढल्या. आडवं कापणं हाताला सोपं वाटतं, कारण कापड समोर आटोपशीर राहतं. तरीही साडी उभीच कापा. एक मात्र मान्य करायला हवं: आडव्या कापात वळण साडीच्या काठावर येतं आणि काठाची वीण घट्ट असते, त्यामुळे एकेक वळण पक्कं बसतं. ज्यांच्याकडे लांब फरशी नाही त्यांनी आडवं कापावं, पण काठ जाड किंवा जरीचा नसेल तरच. जरीच्या काठाची वळणं फणीत अडकतात आणि ताण्याचं सूत घासतात. असे काठ आधी उसवून वेगळे ठेवा, सतरंजीच्या दोन्ही टोकांना त्यांचे पट्टे सुंदर दिसतात. फॉल तर काढायचाच.

फाडायचं की कापायचं

घरातल्या मोठ्या बायका सांगतात, कात्री कशाला, टर्रकन फाडायचं, पट्टी सरळ येते. हे खरं आहे, पण ते ज्या कापडासाठी सांगितलं गेलं ते कापड वेगळं होतं. नागपुरात एम्प्रेस मिल ही कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. त्यानंतर इथल्या घराघरांत बराच काळ वापरलं गेलं ते सुती कापड, धोतरं, लुगडी आणि पासोड्या. सूत फाडलं की फाटणं धाग्याची रेष सोडत नाही. आज कपाटातून निघणाऱ्या चादरी पुष्कळदा सूत आणि पॉलिस्टरच्या मिश्रणाच्या असतात, साड्या जॉर्जेट किंवा क्रेपच्या. मिश्र कापड फाडलं तर कड ताणून चुरगळते. जॉर्जेट धड फाटतच नाही, फाटणं भलतीकडे पळतं. मग पट्टी एका जागी दीड इंच आणि दुसऱ्या जागी पाऊण इंच होते, आणि पाऊण इंचाच्या जागी ती तुटते.

कापड ओळखायचं असेल तर चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघा. सुताला जळत्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतो. मिश्रणात दोन्ही दिसतं. सिंकपाशी उभं राहून करा, खिडकीच्या पडद्याजवळ नको.

शुद्ध सुती असेल तर जरूर फाडा, पण शेवटच्या चार बोटांपर्यंतच. तिथून पुढे कात्री आणि गोल वळण. हाताचा जोर ऐन वेळी आवरत नाही आणि फाडत गेलं की वळणच फाटून जातं. कात्रीनेच कापायचं असेल आणि सरळ रेषेची खात्री नसेल, तर कडेला छोटा काप द्या, आडवा एक धागा पकडून ओढा. धागा निघाला की कापडात बारीक वाट पडते. ती वाट म्हणजे कापडाची खरी रेष. छापील चादरीवरच्या चौकटीला रेष समजून कापू नका, छपाई बऱ्याचदा धाग्याला तिरकी असते. त्या तिरक्या कापाच्या कडेतून आखूड धागे सुटत राहतात आणि सतरंजी झाडली की रोज मूठभर सूत निघतं.

नळी कापताना होणारे घोटाळे

टी-शर्ट, बनियन किंवा दोन कडा शिवून नळी केलेली चादर ही दुसरी रीत. इथे वळणं नसतात, पट्टी नळीभोवती फिरत फिरत निघते. त्यामुळे कानही नाहीत आणि गाठीही नाहीत. माझी आवडती रीत हीच, पण समजून न घेता केली तर जास्त कापड वाया जाते.

नळी सपाट पसरा, म्हणजे एक घडी तुमच्याकडे आणि एक समोर येते. जवळची घडी उचलून समोरच्या घडीकडे न्या, पण दोन-अडीच इंच अलीकडेच थांबा. आता तुमच्याकडे कापडाचे चार थर आले आणि समोर दोन थरांची मोकळी पट्टी राहिली. जवळच्या बाजूने कापायला सुरुवात करून चारही थर कापत जा. वर नेलेली घडी पार करा आणि मोकळ्या पट्टीत जेमतेम शिरून थांबा. सगळे काप झाले की समोरची न कापलेली पट्टी उघडून इस्त्रीच्या टेबलावर किंवा हातावर घाला. हा नळीचा कणा. त्याच्या एका बाजूला सगळे काप, दुसऱ्या बाजूलाही तितकेच.

आता खरं काम. पहिला काप कापडाच्या कडेपासून तिरका नेऊन दुसऱ्या बाजूच्या पहिल्या कापाला मिळवा. मग या बाजूचा पहिला काप त्या बाजूच्या दुसऱ्याला, या बाजूचा दुसरा त्या बाजूच्या तिसऱ्याला. प्रत्येक वेळी एक घर पुढे. समोरासमोरचे काप सरळ जोडले तर हातात सलग पट्टीऐवजी सुट्या बांगड्या येतात. नव्या लोकांच्या बाबतीत हा घोटाळा सर्रास होतो. पहिल्यांदा करताना कण्यावर खडूने सगळ्या तिरक्या रेषा आखा, बोट फिरवून त्या एकसलग आहेत का बघा, मगच कात्री लावा.

बांगड्या झाल्याच असतील तर प्रत्येक बांगडी एका जागी कापून उघडा आणि टोकं जोडून घ्या. टी-शर्टच्या बांगड्या एकमेकींत फासासारख्या अडकवूनही लांब दोरी होते. तिला गाठी येतात, म्हणून ती मागापेक्षा वेणी घालून शिवलेल्या गोल पायपुसण्याला बरी.

आता नळीच्या घेराइतक्या अंतराने तुटणाऱ्या पट्टीकडे येऊ. कण्यावर काप तिरका जातो. कणा उघडल्यावर इंचभरच रुंद असेल आणि पट्टीही इंचाची असेल, तर तेवढ्यात एक घर पुढे जायला काप ४५ अंशांत न्यावा लागतो. त्या जागी पट्टीची खरी रुंदी इंचाच्या सात दशांशांवर येते, शिवाय ती धाग्याला तिरकी, म्हणजे शिंपी ज्याला उरेब म्हणतात तशी होते. बारीक आणि उरेब अशी जागा प्रत्येक फेऱ्यात एकदा येते, आणि पट्टी तिथेच जाते. उघडल्यावर कणा पट्टीच्या रुंदीच्या किमान चौपट असावा. मग काप निवांत तिरका जातो आणि रुंदीत फक्त तीन टक्क्यांची घट पडते, ती हाताला कळतसुद्धा नाही. म्हणूनच वर घडी दोन-अडीच इंच अलीकडे थांबवायला सांगितलं: उघडल्यावर तिचे चार-पाच इंच होतात.

घेराइतक्याच अंतरावर दुसरा दोषही लपलेला असतो, तो नळीच्या शिलाईत. तुम्ही शिलाई इंचाइंचावर कापता तेव्हा प्रत्येक तुकड्यात टाक्यांची दोन्ही टोकं मोकळी होतात आणि धागा सुटायला लागतो. तुटलेली जागा नीट पाहा. सुईची भोकं दिसत असतील आणि कडा स्वच्छ असतील तर शिलाई उसवली आहे. कड विस्कटून तिरकी फाटली असेल तर कणा अरुंद होता. शिलाईचा इलाज म्हणजे मशीनचा टाका अगदी बारीक ठेवणं आणि शेजारी-शेजारी दोन ओळी मारणं. शिलाई कण्यावरही येऊ देऊ नका, नाहीतर दोन्ही कच्च्या जागा एकत्र येतात.

टी-शर्टचं सांगायचं तर काखेखालचा भागच घ्या, आणि बाजूला शिलाई नसलेला मिळाला तर सोनं. काप अंगाभोवती फिरायला हवेत, गळ्याकडून खाली नकोत. अंगाभोवती कापलेली पट्टी ओढली की दोन्ही कडा आत वळून गोल दोरी होते आणि एकही धागा बाहेर राहत नाही. उभी कापली तर ती ना धड ताणते ना वळते. छातीवर रबरी छपाई असेल तर तेवढा भाग सोडून द्या, छपाईची पट्टी वळतच नाही.

सगळ्या पट्ट्या एका रुंदीच्या नकोत

आणखी एक तक्रार: पट्टी मोजून इंचाची कापली, तरी सतरंजी एका जागी फुगते आणि दुसरीकडे आवळते. कारण ताण्याच्या धाग्यांमध्ये भरतं ते पट्टीचं दळ, तिची रुंदी नाही. मलमलीची दोन इंची पट्टी आणि चादरीची इंचाची पट्टी पिळली की साधारण सारखी भरते. जीन्सची पट्टी अर्ध्या इंचावर पुरे. म्हणून प्रत्येक नव्या कापडाची वीतभर पट्टी आधी कापा, बोटांत पिळा आणि चालू पट्टीशेजारी धरून बघा. पेन्सिलीइतकी जाडी पायपुसण्याला ठीक बसते. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानांमागे आणि शिंप्यांकडे मिळणाऱ्या कातरणीत दहा जातींचं कापड एकत्र असतं. तिथे हे बघितल्याशिवाय एकही पट्टी कापू नये.

आवळण्याचं दुसरं कारण मागावरच असतं. पट्टी सरळ ताणून टाकली की काठ आत खेचले जातात. ती कमानीसारखी सैल टाका, मग ठोका. ४५ सेंटिमीटर रुंदीच्या पायपुसण्यात एका ओळीला साधारण ५० सेंटिमीटर पट्टी जायला हवी. सेंटिमीटरला दोन ओळी धरल्या तर ६० सेंटिमीटर लांबीला १२० ओळी, म्हणजे ६० मीटर पट्टी. वरची साडी अशी दोन पायपुसणी देते आणि थोडी शिल्लक राहते.

मेळ नसलेल्या तुटी

खुणा कुठेही पडत असतील तर कापड उजेडासमोर धरा. चादर मधोमध विरते, साडीची खालची कड टाचेखाली झिजते. जिथून उजेड जास्त येतो तो भाग काढा, उरलेला वापरा. कापड आधी धुऊन, खळ पूर्ण काढून मगच कापा. खळीमुळे जीर्ण कापडही हाताला भरीव लागतं आणि झटक्याच्या परीक्षेत फसवतं.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. पारा ४५ च्या पुढे गेलेला, हवेत ओल नाही. कोरडं सूत ठिसूळ होतं आणि ओलसर सूत जास्त ताण सोसतं, हे विणकर पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. एप्रिल-मे महिन्यांत सुती पट्टीच्या गोळ्यावर पाण्याचा हलका फवारा मारून, ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर ठेवा. ताण्याच्या सुतालाही त्याचा फायदा होतो. गोळा रात्रभर ओला ठेवू नका, वास धरतो. कूलरच्या थेट झोतात पट्टी कापायला बसू नका. ती उडून वेडीवाकडी कापली जाते आणि सुताचे बारीक तंतू खोलीभर होतात.

रेयॉनच्या बाबतीत मात्र हे उलटं आहे. मऊ, झुळझुळीत कुर्ते बऱ्याचदा रेयॉनचे असतात, आणि रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं. जाळून बघितलं तर तेही सुतासारखंच जळतं, त्यामुळे त्या परीक्षेत कळत नाही. एक पट्टी कोरडी ओढा, दुसरी भिजवून ओढा. भिजवलेली चटकन तुटली तर ते रेयॉन. त्यावर फवारा नको, आणि न्हाणीच्या दाराशी टाकायच्या पायपुसण्यात ते मुळीच वापरू नका. दिवाणखान्यातल्या सतरंजीत एखादा रंगाचा पट्टा म्हणून चालेल.

मागावर तुटलीच तर

गाठ मारू नका. दोन्ही टोकं तीन इंचांपर्यंत तिरकी कापून निमुळती करा, एकावर एक ठेवा आणि उघडलेल्या ताण्यात एकत्र बसवून ठोका. दोन निमुळत्या टोकांची जाडी मिळून एका पट्टीइतकीच होते. जोड काठापासून चार बोटं आत घ्या, काठावरचा जोड निसटतो. रोजच्या वापराची सतरंजी असेल तर सुईने दोन टाके मारा.

विणून झालेल्या, वापरातल्या सतरंजीत पट्टी तुटली तरी दुरुस्ती होते. त्याच कापडाची वीतभर पट्टी मोठ्या नेढ्याच्या, बोथट टोकाच्या सुईत ओवा. तुटलेल्या जागेच्या तीन इंच आधीपासून तीन इंच पुढेपर्यंत, जुनी पट्टी जशी धाग्यांच्या वर-खाली गेली आहे तशीच तिच्या बरोबरीने नवी घाला. जुन्या पट्टीची तुटलेली टोकं आत दाबा, नव्या पट्टीची टोकं उलट्या बाजूला काढून अर्धा इंच ठेवून कापा. यासाठी प्रत्येक गोळ्यातली दोन-तीन हात पट्टी वेगळी काढून, कोणत्या सतरंजीची आहे ती चिठ्ठी लावून ठेवा.